आखाजीच्या ताटाशेजारची बाटली

आखाजीच्या जेवणाबरोबर प्यायचं काय, हा प्रश्न शहाद्याच्या आमच्या घरात कुणाला पडतच नव्हता. पाणी प्यायचं, आणि तेही बेतानं. पाण्यानंच पोट भरलं तर रस कुठं ठेवणार? वैशाखातली तृतीया, गोमाईचं पात्र नुसती वाळू झालेलं, ओट्यावर अनवाणी पाय टेकला तर चटका, आणि असल्या उन्हात घरातली माणसं वर्षातलं सगळ्यात जड जेवण जेवायला बसत. नाशिकच्या द्राक्षांची वाईन कधी या पंगतीला येईल आणि ती कशाबरोबर घ्यावी यावर आम्ही साठीला आलेली भावंडं हमरीतुमरीवर येऊ, असं त्या काळी कुणी म्हणालं असतं, तर जिजीनं, म्हणजे आमच्या आजीनं, त्याला ऊन लागलंय असं समजून कांदा फोडून हुंगायला दिला असता.

खानदेशाबाहेरच्या माणसाला अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. आमच्याकडं ती आखाजी, आणि दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणी माहेरी येणार, लिंबाला झोके बांधणार, गौराईची गाणी म्हणणार. पुरुष दिवसाढवळ्या पैसे लावून पत्ते खेळणार आणि त्या दिवसापुरतं त्यांना कुणी बोलणार नाही. आंबा मात्र आखाजीपर्यंत तोंडाला लावायचा नाही. तो आधी पितरांचा. पाण्यानं भरलेली मातीची घागर, तिच्या तोंडावर खरबूज आणि आंबे, सोबत सांजोऱ्या. मग निखाऱ्यावर तुपाबरोबर घास सोडायचा, त्याला आगारी म्हणायचं. हे झालं की रस. अढीतले गावरान आंबे हातानं पिळून काढलेला, वरून तूप आणि चिमूटभर सुंठ. आणि खापराची पुरणपोळी: पालथ्या खापराखाली जाळ, आणि मोठीमाय, म्हणजे थोरली काकू, ती पोळी दोन्ही हातांवर झुलवत मोठी मोठी करत न्यायची, कोपरापर्यंत आणायची आणि अलगद खापरावर टाकायची. पोळी फाटली असं आमच्यापैकी एकालाही आठवत नाही. सोबत रशी, भात, कुरडया, पापड, भजी. रशी म्हणजे कटाची आमटी, पण पश्चिम महाराष्ट्रातल्या आमटीसारखी सौम्य नव्हे. मिरची नंदुरबारच्या पथारीवरची असायची, त्यामुळं एका घोटाला गोड आणि दुसऱ्या घोटाला डोळ्यांत पाणी.

दारू घरात येत नव्हती. आबांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, गळ्यात माळ होती आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा दरारा होता. कायदाही त्यांच्या बाजूचा होता. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. आमचा जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेश, मग धुळे, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. महाराष्ट्रात ती बंदी हळूहळू सैल झाली, तरी परवान्याची पद्धत कायद्यात राहिली. पलीकडच्या गुजरातेत ती आजही पक्की आहे. आमची मोठी बहीण सुरतेला दिलेली. ती नंदुरबारला गाडीतून उतरली की पहिल्यांदा आबांच्या पाया पडायची. अलीकडं म्हणते, ‘आमच्याकडं बंदी आहे म्हणून सगळे पितात, तुमच्याकडं आबा होते म्हणून कुणी पीत नव्हतं.’ यातलं दुसरं वाक्य खरं नाही, आणि तेच सांगायचं आहे.

देवघराशेजारच्या कोनाड्यात एक तपकिरी बाटली असे. द्राक्षासवाची. आखाजीचं जेवण झालं, हात धुतले, की आबा झोपाळ्यावर बसत आणि जिजी त्या बाटलीतून दोन मोठे चमचे वाटीत काढी, तेवढंच पाणी घाली आणि त्यांच्या हाती देई. रोज नाही. पचायला जड असेल तेव्हा. म्हणजे आखाजी, दिवाळी, पोळा, आणि मला वाटतं व्याही आले की तेव्हाही. आमच्यातला एक भाऊ, पुढं धुळ्याला औषधांचं दुकान काढलेला, सांगतो की त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळं बाटलीवर छापलेलं होतं. द्राक्षांचा किंवा मनुकांचा काढा, गूळ, दालचिनी-वेलदोड्यासारखे मसाले आणि धायटीची फुलं एकत्र बरणीत तोंड बांधून महिनाभर ठेवायची. धायटीच्या फुलांबरोबर येणारं यीस्ट गुळावर काम करतं आणि मद्यार्क आपोआप तयार होतो. वरून काही घालावं लागत नाही. आसव-अरिष्टात तो साधारण पाच ते दहा टक्के निघतो, म्हणजे बिअरच्या पुढं आणि वाईनच्या जरा अलीकडं. ती धायटी सातपुड्याच्या उतारावर उन्हाळ्याच्या तोंडाशी लालभडक फुलते. तोरणमाळला जाताना आम्ही तिची फुलं तोडून मधासाठी चोखली आहेत.

थोडक्यात, गळ्यात माळ असलेला आमचा आजोबा सणाच्या जेवणानंतर गोडसर, मसालेदार, द्राक्षांचं मद्य मापून घेत होता. युरोपात जेवणाच्या शेवटी गोड पदार्थाबरोबर पोर्टसारखी गोड वाईन देतात, ती याच कामाची. आबांना हे सांगायची सोय नव्हती. कोनाड्यातली बाटली आम्ही पोरांनी चोरून चाटली आहे, त्याबद्दल मात्र एकमत होत नाही. पुण्याचा भाऊ म्हणतो पहिल्यांदा मी चाटली. सुरतेची बहीण म्हणते, पहिल्यांदा तिनं, आणि ती सबंध दुपार झोक्यावर मजेत होती. धाकट्या आत्याला एवढंच आठवतं की बाटलीतलं कमी झालेलं पाहून जिजी काही न बोलता त्यात पाणी घालून ठेवायची, आणि पुढच्या वेळी आबा म्हणायचे, ‘आवंदा वैद्यानं माल हलका दिला.’

दुसरी बाटली घरात नव्हती, मळ्यात होती. ती कोनाड्यात येणं शक्य नव्हतं.

आखाजीचा आणखी एक व्यवहार होता, तो आम्हाला फार उशिरा कळला, रोज डोळ्यांसमोर असून. शेतातल्या सालदाराचं साल आखाजीला संपायचं आणि आखाजीलाच नवं धरलं जायचं. रोख किती, ज्वारी किती, हे सगळं तोंडी. आमच्याकडं सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातले भिल्ल दादा सालाला होते. आम्ही मुलं त्यांना दादा म्हणत असू. मोठी माणसं नावानं, एकेरीत. त्यांचं आखाजीचं जेवण परसात, पळसाच्या पत्रावळीवर. रस तोच, पोळी तीच. पंगत वेगळी. दुसऱ्या दिवशी मळ्यात मटण शिजे, कारण घरातल्या चुलीवर ते चालत नसे, आणि त्याबरोबर मोहाची बाटली येई. ती दादा आणत नसत. दादा घेतच नसत. त्यांच्या वडिलांनी गुलाम महाराजांचं ऐकलेलं होतं. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे हे महाराज. १९३७-३८ च्या सुमारास त्यांच्या आरतीला आदिवासी माणसं हजारोंनी जमत, दारू-मांस सोडत आणि एकमेकांना ‘आप की जय’ म्हणत. ती शपथ दादांच्या घरात टिकली होती.

बाटली लागायची ती आमच्या मधल्या काकाला. तो मळ्यात झोपायला जाई, सकाळी बडीशेप चघळत येई, आणि त्याचं ताट जिजी झाकून ठेवी. जिजीला ठाऊक होतं, आबांना ठाऊक होतं, आम्हालाही अंदाज होता. मधल्या काकाला मात्र वाटे की कुणालाच ठाऊक नाही. आज सांगायला हरकत नाही: पेय आणि पदार्थ यांची जोडी कशी जमवावी, हे आमच्या घरात त्याच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं. पहिल्या धारेची मोहाची, तिच्यासोबत काळ्या मसाल्याचं मटण आणि ज्वारीची भाकरी. मधे कच्चा कांदा. भात नाही. ‘भातानं तिची चव जास,’ असं तो म्हाताराही झाल्यावर म्हणायचा. मोहाला फुलाचा एक उग्र-गोड वास असतो, तो काळ्या मसाल्यातल्या भाजलेल्या खोबऱ्याशी आणि दगडफुलाशी जुळतो. मी वाईनच्या पुस्तकांतून जेवढं वाचलं आहे, त्यात असलं नेमकं वाक्य क्वचित सापडलं.

मोहाचं झाड ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फाल्गुन-चैत्रात पहाटे पहाटे मांसल, पिवळट फुलं टपटपत खाली पडतात. बाया-पोरं ती उजाडायच्या आत वेचतात, अंगणात वाळवतात. वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते. ती नुसती खातात, भाजून खातात, उपासमारीच्या दिवसांत भाकरीत घालतात. दारू करायची तर फुलं पाण्यात काही दिवस आंबवायची, मडकं चुलीवर चढवायचं, वाफ नळीतून थंड भांड्यात आणायची. पहिला थेंब माणसाचा नसतो. देवाच्या आणि पूर्वजांच्या नावानं जमिनीवर धार सोडतात, मग बाकीच्यांनी घ्यायची. आमच्या घरात पितरांसाठी घागर भरली जात होती आणि तीन-चार कोसांवर दुसऱ्या कुणाच्या पितरांसाठी धार सोडली जात होती. इंग्रजांना यात महसूल दिसला. १८७८ च्या अबकारी कायद्यानं घरची भट्टी गुन्हा ठरवली, आणि १८९२ च्या मोहऱ्याच्या कायद्यानं मुंबई इलाख्यात फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरही बंधनं आली. झाडाखाली पडलेलं फूल उचललं तरी माणूस शिपायाला सापडू शकत होता. तेव्हापासून ही दारू म्हणजे पोलीस, लाच आणि अंधार. तिची चव कशी आहे, यावर चारचौघांत बोलायची वेळच कुणावर आली नाही.

पण आता इथं मी थोडा थांबतो, कारण आमचा पुण्याचा भाऊ मोहाचं हे कौतुक ऐकून गहिवरतो आणि त्याचा गहिवर मला पुरता पटत नाही. मोहाविरुद्ध पहिल्यांदा उठली ती माणसं शहरातली नव्हती. १९२२-२३ मध्ये देवीचं वारं दक्षिण गुजरातेत आणि खानदेशात पसरलं आणि अंगात आलेली देवी आदिवासींना दारू सोडा म्हणाली. मग गुलाम महाराज. आणि मग आमच्या डोळ्यांदेखतचं: १९७२ च्या जानेवारीत शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, पाठोपाठ श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींचे पुढारी अंबरसिंग सुरतवंती हे नाव त्या दिवसांत आमच्या ओसरीवर दबक्या आवाजात घेतलं जाई. हातची गेलेली जमीन परत हवी होती, मजुरी वाढवून हवी होती, सालदाराला सुट्टी हवी होती. दुष्काळाचं वर्ष. मोठ्या शेतकऱ्यांनी पिकांच्या रक्षणाच्या नावानं आपली माणसं उभी केलेली. आणि १९७३ च्या सुमारास आदिवासी बाया गावोगाव निघाल्या आणि दारूची मडकी फोडू लागल्या. नवरा मजुरीचे पैसे गुत्त्यावर ठेवून येतो आणि वर मारतो, एवढं साधं कारण. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं. भट्ट्या शोधल्या, मडकी बाहेर काढली, फोडली. मारकुट्या नवऱ्याला चावडीवर बायकोची माफी मागायला लावली, अशाही गोष्टी तेव्हा कानावर येत. शहाद्याच्या त्या बायांवर पुढं मारिया मीझ आणि गेल ऑम्व्हेट यांनी लिहिलं, त्यामुळं आमच्या तालुक्याचं नाव जर्मनीपासून अमेरिकेपर्यंत पोचलं. आमच्या घरात ते कुणी वाचलं नाही. धाकट्या आत्याला आठवतं ते एवढंच, की त्या बायांत आमच्या दादांची बायकोही होती, आणि फुटलेल्या मडक्यांत मधल्या काकाचं मडकंही होतं.

काका हप्ताभर घुम्यासारखा बसला. आबा खूष. ‘बाया शहाण्या निघाल्या,’ असं ते ओसरीवर सगळ्यांना सांगत होते. त्याच बाया महिन्यानं मजुरीचा दर घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा आबांनी दार लावून घेतलं. हेही आम्हा सगळ्यांना आठवतं. या एका बाबतीत मात्र आमच्या आठवणी जुळतात, कारण दाराच्या आत आम्ही सगळे एकाच जागी उभे होतो. पुढच्या आखाजीला दादांनी साल धरलं नाही. परसातली पत्रावळ मांडली गेली नाही आणि जिजी त्या दिवशी रस वाढताना दोनदा परसाकडं बघून आली, असं सुरतेची बहीण सांगते. मला ते आठवत नाही, पण जिजीची रीत तशी होती.

वाईन या घरात शिरली ती आबा गेल्यावर, आणि मागच्या दारानं नव्हे. मुंबईला नोकरीला असलेल्या धाकट्या काकानं नव्वदीच्या सुरुवातीला दिवाळीला एक फसफसणारी बाटली आणली. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्र आणून ऐंशीच्या दशकात हा उद्योग उभा केला होता आणि तिथली बाटली परदेशातही जात होती. काकानं अभिमानानं सांगितलं, ‘आपल्या पुणे जिल्ह्यातली आहे.’ मोठीमाय पदराआडून म्हणाली, ‘बाटलीमा काय शे, ते तं सांग!’ बुचाला बांधलेली तार सोडवताना ते उडालं, माळ्यावरच्या पापडांच्या डब्याला लागलं, आणि निम्मी वाईन चकल्यांवर सांडली. ओल्या चकल्या कुणी टाकल्या नाहीत. त्या खाऊन बघणाऱ्यांत मोठीमाय होती, हे तिच्या सुना अजून मान्य करत नाहीत.

खरी सुरुवात पुतण्यानं केली. शेतकी शिकून तो नाशिकला लागला, द्राक्षांच्या कामावर. राजीव सामंतांनी गंगापूरच्या बाजूला वेली लावल्या त्या १९९७ मध्ये, पहिली बाटली २००० मध्ये आली, २००१ मध्ये राज्यानं वाईन उद्योगासाठी धोरण आणलं, आणि बघता बघता नाशिकचे द्राक्षवाले खाण्याची द्राक्षं सोडून शेनिन ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ, शिराझ अशी नावं घेऊ लागले. शहाद्याहून नाशिक दोनशे किलोमीटरच्या वर. पुतण्या आखाजीला एसटीनं आला तो दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून, एक लाल, एक पांढरी. पांढरी गार करायची होती. ते भारनियमनाचे दिवस, वीज दिवसातून बारा-बारा तास नसे, फ्रीज म्हणजे पोळ्यांचं कपाट. मग मोठ्या भावानं गोणपाट भिजवलं, बाटलीला गुंडाळलं आणि वाऱ्याच्या खिडकीत टांगलं, शेतावर छागळ टांगतात तसं. तासाभरात ती हाताला गार लागू लागली. फ्रान्सच्या माणसाला ही युक्ती सुचली नसती. त्याच्याकडं वैशाख नसतो.

आणि मग ती जोडी फसली. लाल शिराझ आंब्याच्या रसाबरोबर म्हणजे निव्वळ कडवट पाणी. एक घास पुरणाचा, एक घोट वाईनचा. वाईन आंबट लागली, तुरट लागली आणि पुरणाचाही गोडवा गेला. मोठीमायनं जिभेच्या टोकावर घेतली आणि निकाल दिला, ‘काय कडू लागस! आबांचं औषद बरं होतं.’ पुतण्या ओशाळला. पण म्हातारीचं म्हणणं वाईनच्या शास्त्राशी तंतोतंत जुळणारं होतं, हे मला पुढं कळलं. ताटातला पदार्थ गोड असेल तर वाईन त्याहून गोड हवी, नाहीतर ती उघडी पडते. कोनाड्यातलं द्राक्षासव गुळाचं होतं, म्हणून पुरणापुढं टिकलं. आता नाशिकलाही वेलीवर उशिरापर्यंत ठेवलेल्या द्राक्षांची गोड शेनिन करतात. द्राक्षातलं पाणी कमी होतं, साखर दाटते. खापराच्या पोळीला, वेलदोडा-जायफळाला, तुपाला पुरी पडेल तर तीच. रसाबरोबर मात्र तीही नको. हापूस असो की गावरान, आंबा कुणालाच शेजारी बसू देत नाही.

रशीचं दुखणं वेगळं. मिरचीच्या जाळाला मद्यार्क आणखी भडकवतो, आणि लाल वाईनमधला तुरटपणा तिखट जिभेला कडू लागतो. आमच्याकडं पोरं रस्सा झणझणीत झाला की अभिमानानं लाल वाईन उघडतात, कारण सिनेमात मटणाबरोबर लाल दाखवतात. उघडोत. मी पांढऱ्याच्या बाजूचा, आणि ती किंचित गोडसर, अगदी गार. याचा पुरावा आखाजीला मिळाला नाही, तो थंडीत मिळाला. पौषात मळ्यावर भरताची पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. शेजारी कळण्याची भाकरी. त्या धुराच्या वासाला आणि मिरचीला पुतण्याची शेनिन ब्लाँ अशी बसली की पुण्याचा भाऊ, जो तोवर मोहाच्या बाजूनं भांडत होता, त्यानं दुसऱ्यांदा ग्लास पुढं केला. तो ग्लास पितळेचा होता हे सांगायला हवं. आंबट वाईन कल्हई नसलेल्या पितळेत ओतू नये, हे त्याच्या बायकोनं पहिल्याच घोटाला बजावलं, आणि मग सगळ्यांना चहाचे काचेचे ग्लास आले.

२७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं. अण्णा हजारे उपोषणाची भाषा करत होते, सत्तेतले लोक वाईन ही दारू नव्हेच असं पटवत होते, शेतकऱ्याचं हित पुढं केलं जात होतं. निर्णय पुढं अंमलात आला नाही. आमच्या सुरतेच्या बहिणीनं लिहिलं, ‘द्राक्षाचा शेतकरी तो शेतकरी, आणि मोहाची फुलं वेचणारी बाई कोण?’ कुणी उत्तर दिलं नाही, दोघांनी अंगठा दाखवला. तिच्या म्हणण्याला आधार होता. राज्यानं मोहफुलं गोळा करण्यावरची आणि नेण्या-आणण्यावरची बंधनं उठवली ती २०२१ मध्ये, म्हणजे नाशिकच्या वाईनला धोरण मिळाल्यावर वीस वर्षांनी. केंद्रानं २०२० मध्ये सुक्या फुलांचा आधारभाव सतरावरून किलोला तीस रुपये केला होता. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारशाचं मद्य म्हणून मान्यता दिली आणि नर्मदेपलीकडं अलीराजपुरात आदिवासी बचत गट ती बाटलीबंद करून विकू लागला. गोव्यात तर २०१८ पासूनच लेबल लावलेली मोहाची बाटली दुकानात मिळत होती.

तीच बाटली मागच्या आखाजीला पुण्याच्या भावाच्या मुलानं आणली. चौकोनी, जाड काचेची, खोक्यात घातलेली. या वेळी ती मळ्यात गेली नाही. जेवणाच्या टेबलावर, रसाच्या पातेल्याशेजारी, देवघर दिसतं अशा जागी ठेवली गेली, आणि सुनांनी तिच्यासाठी उंच दांड्याचे ग्लास काढले. मधला काका असता तर त्याला काय वाटलं असतं, याची आम्ही भावंडं बराच वेळ चर्चा करत होतो. पुण्याचा भाऊ म्हणाला, धन्य झाला असता. मला वाटतं तो ग्लास घेऊन मळ्यातच गेला असता. आपलं मडकं बायकांनी फोडलं याचा त्याला राग होता, पण ती घरात आणून सर्वांसमोर प्यावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्या दुपारी दादांचा मुलगा जेवायला होता. तळोद्याकडं शिक्षक होता, आता निवृत्त झाला आहे. आईचं आजारपण निघालं तेव्हापासून आमच्या धाकट्या आत्याशी त्याचं फोनवर बोलणं असतं, आणि तिनंच त्याला आग्रह करून बोलावलं. आम्ही त्याला सर म्हणतो. पंगत आता टेबलावर असते, त्यामुळं कुणाला कुठं बसवायचं हा प्रश्न निघाला नाही. निघाला नाही म्हणून तो नव्हता असं नाही. आत्यानं त्यांच्यासाठी स्वतःच्या शेजारची खुर्ची आधीच धरून ठेवली होती. पुतण्यानं त्यांना ती उशिराच्या द्राक्षांची गोड शेनिन पुढं केली, पुण्याच्या भावाच्या मुलानं मोहाची. सरांनी दोन्हींना हात जोडले. ‘आमच्या घरात आप की जय आहे,’ म्हणाले, आणि मठ्ठा मागितला. मग चष्मा लावून त्यांनी मोहाच्या बाटलीवरचं लेबल वाचलं, किंमत विचारली, आणि वर्गात गणित घालावं तशी बेरीज चालू केली: एका बाटलीला फुलं किती लागत असतील, वेचायला किती पहाटा, तीस रुपयांनी किती झाले.

भावाच्या मुलाला आकडा पटेना. त्यानं खिशातून मोबाइल काढला. सर म्हणाले, ‘मोबाइल ठेव, तोंडी कर,’ आणि आत्याकडं वळून त्यांनी आणखी एक पोळी मागितली.